रेडिओची वर्गणी भरू, पण कुलूपबंद डबा नको

डिजिटल रेडिओची बातमी सोसायटीच्या ग्रुपवर पडली आणि पहिलाच मेसेज आला, "म्हणजे आता ह्याचाही रिचार्ज?" २०१९ मध्ये 'आपले चॅनल आपण निवडा' म्हणत केबलचं जे झालं, ते ठाण्यात अजून कुणी विसरलेलं नाही.

तर बातमी अशी. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी डिजिटल रेडिओसाठी १३ शहरांच्या शिफारशी केल्या. मुंबई, पुणे, नागपूर त्यात आहेत. आजचं एफएम चालूच राहील आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी तीन डिजिटल चॅनल बसतील. आता ही जास्तीची चॅनल फक्त जाहिरातींवर जगतील असं मला वाटत नाही. आज ना उद्या वर्गणीचा विषय निघणारच.

निघू दे. दिवसभर नाट्यसंगीत आणि भावगीतं लावणारं चॅनल मिळत असेल तर मी खुशाल पैसे भरेन. आज एफएमवर काय लागतं? त्याच त्या दहा हिंदी गाण्यांची उलटापालट. अस्मिता वाहिनी ऐकावी तर ती मीडियम वेव्हवर, ५५८ किलोहर्ट्झला. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये स्वयंपाकघरातला एलईडी दिवा लावला की निवेदिकेचा आवाज गायब, नुसती घूंऽऽ!

पण वर्ल्डस्पेस आठवतंय का? उपग्रहावरून येणारा, वर्गणीचा रेडिओ. आमच्याकडे खिडकीच्या ग्रिलला पूर्व-आग्नेयेकडे तोंड करून त्याचा चपटा अँटेना बांधलेला असायचा. जरा कलला की आवाज बंद. गंधर्व चॅनलवर चोवीस तास शास्त्रीय संगीत, मध्ये एकही जाहिरात नाही. काय आवाज होता! सुख होतं ते. पण शहरात तो सिग्नल पुन्हा पसरवणारे जमिनीवरचे रिपीटर नसल्यामुळे चालत्या गाडीत त्याचा उपयोग शून्य. अमेरिकेत सिरियस एक्सएम ह्या अशाच उपग्रह रेडिओला तीन कोटींवर वर्गणीदार मिळाले ते मुळात गाड्यांमुळे. इकडे मूळ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, २००९ च्या अखेरीस भारतातली सेवाही संपली. आमच्या संचावर दुसरं काहीच लागत नव्हतं. देशभरात लाखो चांगले संच एका रात्रीत भंगार झाले.

म्हणून माझं भांडण वर्गणीशी नाही, डब्याशी आहे. पैसे चॅनलचे घ्या, पण रेडिओ कुठल्याही दुकानातून घेतलेला चालला पाहिजे आणि कंपनी बुडाली तरी त्यावर बाकीची स्टेशनं लागली पाहिजेत. बातम्या, हवामान आणि आणीबाणीच्या सूचना मात्र कायम फुकट. २६ जुलै २००५ ला मोबाइल मान टाकून बसले होते, तेव्हा रेडिओची किंमत कळली. (डिजिटलचा एक तोटा आत्ताच सांगून ठेवतो: सिग्नल कमी पडला की खरखर नाही, एकदम शांतता.)

सगळ्यांनी मिळून एकच तंत्र ठेवा, हे ट्रायनेही म्हटलंय. आकाशवाणीने मीडियम वेव्हवर डीआरएम हे डिजिटल तंत्र केव्हाच घेतलंय, एफएमच्या पट्ट्यात मात्र डीआरएम विरुद्ध एचडी रेडिओ हे दुसरं तंत्र अशी रस्सीखेच आहे. तेव्हा दिवाळीत कुणी 'डिजिटल रेडी' म्हणून रेडिओ गळ्यात मारायला आला, तर आधी विचारा, ह्यातलं कुठलं? दुकानदार गडबडला तर सरळ पुढच्या दुकानात चला.