‘रडगाणं’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना

डॉक्टरसाहेब,

पाणथरीच्या (प्लीहेच्या) शिरेत रक्ताची गुठळी होण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: यकृताच्या रक्ततपासण्या नॉर्मल आल्या म्हणजे सिरॉसिस (यकृत कडक होत जाण्याचा आजार) नाही असं होत नाही; नुसत्या जठरातल्या फुगलेल्या शिरा सिरॉसिसमध्येही दिसतात; पाणथरी काढण्याआधी द्यायच्या लसींचा मी उल्लेख केला नाही; आणि “दारूबद्दल विचारणं हा तपासणीचाच भाग आहे, त्यात एवढं रडगाणं कशाला?”

एक चूक आधीच मान्य करते. एका ठिकाणी ‘धमनी’ लिहिलं गेलं होतं, तिथे शीर हवी होती. दुरुस्त केलंय. आभार.

आता रडगाणं. तुमच्या ओपीडीत बसलेल्या पेशंटच्या मुलीला हा शब्द तुम्ही तोंडावर म्हणाला असता का?

2016 च्या गणपतीत बाबांना रक्ताची उलटी झाली. मोरीतली बादली मी धुतली आहे. वॉर्डात सगळ्यांदेखत विचारलं गेलं, “किती वर्षं पिताय?” बाबा वारकरी. “कधीच नाही,” एवढंच म्हणाले आणि गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत सरकवली.

दारूबद्दल विचारू नये असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. विचारावंच. पण ‘नाही’ ऐकल्यावर पुढचा प्रश्न यायला हवा होता: पूर्वी कधी पोटात असह्य दुखून ॲडमिट झाला होतात का? झाले होते. दीड वर्ष आधी, पित्ताच्या खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज येऊन. पाणथरीची शीर स्वादुपिंडाला पाठीमागून चिकटून जाते, तिथली सूज तिला भोवू शकते, हे मी तुम्हाला सांगायचं? गुठळीने ही वाट बंद झाली की रक्त जठराच्या वरच्या टोकाच्या बारीक शिरांत शिरतं. त्या फुगतात, फुटतात. यकृत बिचारं धडधाकट असतं.

दुर्बिणीच्या रिपोर्टात बाबांची अन्ननलिका साफ होती, शिरा फुगलेल्या फक्त जठराच्या वरच्या भागात. सोनोग्राफीवर छापलं होतं, ‘गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही’. तरी फाइलवर सिरॉसिस. आठ महिने बाबांनी अळणी जेवण जेवलं, आणि आत्याने आईला विचारलं, “दादा कधीपासून घ्यायला लागला?”

दुसऱ्या डॉक्टरांनी तो राहिलेला प्रश्न विचारला आणि डाय देऊन सीटी काढायला लावला. यकृताची कड गुळगुळीत, पोर्टल व्हेन (यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर) मोकळी, पाणथरीची शीर बंद. यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅनही नॉर्मल. पोर्टल व्हेनच बंद असती तर तो आजार वेगळा आणि इलाजही वेगळा, हे त्यांनी कागदावर चित्र काढून आईला समजावलं. तिच्याशी कुणी बसून बोलण्याची ती पहिलीच वेळ. पाणथरी काढली. त्यानंतर आजतागायत रक्त पडलेलं नाही.

नॉर्मल रिपोर्टचा तुमचा मुद्दा असेलही बरोबर. माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. जठरातल्या शिरांचंही तेच. त्यावर इथे वाद घालत बसणार नाही.

लसींचं मात्र सांगते: न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंवरच्या लसी, तिन्ही ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी दिल्या होत्या.