फाटकावरची खडूची खूण

परवा प्रतापनगरच्या आमच्या घरी सुया-बिबे विकणारी बाई आली. आठ-दहा वर्षांपासून येते. आई तिला पायरीवर बसवून चहा देते. या वेळी जाळीचं दारही उघडलं नाही, आतूनच "काही नको" म्हणाली. मी विचारलं, काहून? तर मोबाइल पुढे केला. "काय भरवसा बाप्पा, हे वाच."

मावशीनं पाठवलेला मेसेज. भटक्या जमातींच्या बायका विकायच्या निमित्तानं टेहळणी करतात, फाटकावर खडूनं खूण करून जातात, मुलं पळवतात. चोरी यांच्या रक्तातच, म्हणून तर इंग्रजांनीही यांना गुन्हेगार ठरवलं.

आधी खुणेचं. आमच्या फाटकावर ती होतीच. खडूनं 'पी', खाली तारीख. आईनं घाबरून ओल्या फडक्यानं पुसली. अहो, ती पल्स पोलिओवाल्यांची! दारोदार येतात, घरातल्या सगळ्या लहान पोरांना डोस झाला की 'पी' लिहितात, कोणी राहिलं तर फुली. माझ्या लेकीला डोस दिला तेव्हा याच आईनं तिला मांडीवर धरलं होतं. मेसेज वाचला आणि तीच खूण दरोड्याची दिसायला लागली.

चोऱ्या होतात, मान्य. या जमातींतलेही काही पकडले जातात. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत घर फुटलं, चोर निघाला दोन गल्ल्या सोडून राहणारा. त्याच्या आडनावाच्या एकालाही कोणी दारातून परत पाठवलं नाही.

इंग्रजांचा दाखला वाचून तर डोकंच फिरलं. १८७१च्या कायद्यानं अख्ख्या जमाती यादीत घातल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. कोणी काय केलं हे बघायची गरजच नाही, जन्म पुरे. स्वतंत्र भारतानं ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा मोडीत काढला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. आणि आपण तोच पुरावा म्हणून फिरवतोय?

मुलं पळवण्याची अफवा काय करते ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यानं दाखवलंय. १ जुलै २०१८. असेच मेसेज फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. त्यांनी कोणाचंही मूल पळवलं नव्हतं.

मावशी, तो मेसेज तू ज्या ज्या ग्रुपवर टाकलास, तिथं तिथं हेही टाक. आजच.