खुलासा: ‘६० फुटी स्क्विड’चा मेसेज चुकीचा आहे

‘खोल समुद्रातला महाकाय स्क्विड ६० फूट वाढतो’ असा मेसेज फिरतो आहे. (स्क्विड म्हणजे माकूळ, लांब बाहूंचा मऊ अंगाचा समुद्री जीव.) हा आकडा चुकीचा आहे. खात्रीने मोजलेल्या नमुन्यांची एकूण लांबी फार तर १२-१३ मीटर, म्हणजे ४३ फुटांच्या आतच भरते.

गफलत मोजण्यात होते. शिकार पकडणारे दोन लांब बाहू मेल्यावर सैल पडतात आणि ओढाताणीत रबरासारखे ताणले जातात. टेप त्यांच्या टोकापर्यंत नेली की आकडा फुगलाच. म्हणून अभ्यासक आधी नळीसारख्या धडाची लांबी घेतात. ती साधारण सव्वादोन मीटरपर्यंतच असते.

मेसेजमधलं ४९५ किलो वजनही याचं नाही. ते २००७ साली अंटार्क्टिकाजवळच्या रॉस समुद्रात पकडलेल्या कोलॉसल स्क्विडचं, वेगळ्या जातीचं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.