काळे चौकोन दिसले की रॅम भरली? नाही हो!

बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘खूप विंडो उघडल्यावर स्क्रीनवर काळे चौकोन आले, मेनू गायब झाले, तर रॅम भरली समजा. दहा वेळा रिफ्रेश करा. तरी नाही गेलं तर रॅम वाढवा, नाहीतर मॉनिटर बदला.’ दांडिया बाजारात मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. हे वाचून दोन गिऱ्हाइकं थेट रॅम मागायला आली, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं.

आधी रॅमचं बघू. गेल्या 19 तारखेला रात्री एका अकाउंटंट काकांचा फोन. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-3बी या जीएसटी विवरणपत्राची शेवटची तारीख, आणि इकडे “अरे, एक्सेलची वरची पट्टी काळी पडलीय, राइट क्लिक केलं तर मेनूच येत नाही!” जाऊन पाहतो तर एक्सेलच्या तीसेक फायली उघड्या. रॅम 16 जीबी, त्यातली निम्मी मोकळी.

मग अडलं कुठे? स्क्रीनवर काही काढायचं तर प्रोग्रामला विंडोजकडून फॉन्ट, ब्रश, बिटमॅप असं सामान लागतं. त्याला जीडीआय ऑब्जेक्ट म्हणतात आणि एका प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्रामला, ती 10,000 पर्यंतच मिळतात. एक्सेल 2013 पासून प्रत्येक फाइल वेगळ्या विंडोत उघडते, पण मागे प्रोसेस सहसा एकच. म्हणजे पंगत तीस पानांची आणि रेशनकार्ड एक! कोटा संपला की पुढचं काही उमटत नाही. रॅम 32 जीबी केली तरी कोटा तेवढाच.

घरी तपासायचं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये कॉलमच्या नावावर राइट क्लिक करा, सिलेक्ट कॉलम्समधून जीडीआय ऑब्जेक्ट्स आणि यूझर ऑब्जेक्ट्स निवडा. यूझर म्हणजे विंडो, मेनू असं सामान; त्याचाही कोटा 10,000 च. काकांच्या एक्सेलसमोर जीडीआयचा आकडा 9,900 च्या वर होता. निम्म्या फायली सेव्ह करून बंद केल्या, पट्टी परत आली. फायली बंद करूनही आकडा उतरत नसेल तर प्रोग्राम सामान परत करत नाहीये, तो पूर्ण बंद करून उघडा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, कोटा वाढवता येतो, पण असा खादाड प्रोग्राम तोही फस्त करील.

रॅम कमी पडतच नाही असं मी म्हणत नाही. 4 जीबीच्या मशीनवर चाळीस टॅब उघडलेत, वेगळं ग्राफिक्स कार्डही नाही म्हणून चित्राचं कामही त्याच रॅममधून, तर मशीन रडणारच. पण ते रडणं म्हणजे संथपणा.

रिफ्रेशबद्दल काय बोलायचं! त्याने डेस्कटॉपवरचे आयकॉन पुन्हा मांडले जातात. रॅमचा एक कणही सुटत नाही. चित्र खरंच अडकलं असेल तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. फक्त ब्राउझरच लुकलुकत असेल तर त्याच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

आणि मॉनिटर? बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढा आणि मोबाइलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्येही काळे चौकोन असतील तर मॉनिटरचा काही दोष नाही. नसतील तर आधी केबल तपासा.

रॅम मागायला आलेल्या दोघांपैकी एकाची स्क्रीन मधूनच पिवळी पडायची. व्हीजीए केबलचा स्क्रू सैल होता. आवळून दिला.