दुर्लक्ष करायचं, पण कुणी?
‘ट्रोलकडे दुर्लक्ष करा’ (ट्रोल म्हणजे ऑनलाइन ग्रुपवर मुद्दाम डिवचणारा) हा एका लेखातला सल्ला अर्धाच पटला. मासेमारीत ट्रोलिंग म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेणं, कुणीतरी लागतंच. चाळीस जण गप्प बसले तरी एखादा नवखा तावातावाने उत्तर देतोच की! आमच्या ग्रुपवर एकाने ‘सहज विचारतोय हं’ म्हणत रोज तोच खोचक प्रश्न टाकला. आठवड्याभरात दोन जाणकार सभासद न बोलता निघून गेले. ॲडमिन मात्र ‘दोन्ही बाजूंनी संयम ठेवा’ म्हणत बसले. (दुसरी बाजू कुठली, देव जाणे.) टेलिग्रामवर २०१९ पासून स्लो मोड आहे, म्हणजे एकाच सभासदाच्या दोन मेसेजमध्ये सक्तीचं अंतर. तो लावला की निम्मी हवा निघते. मग एकच ताकीद, तीही खासगीत, नाहीतर त्याला हवा तो तमाशा आयताच मिळतो. पुन्हा तेच केलं तर सरळ बाहेर.