केस पेपरवर 'बंद' लिहायला हात का धजत नाही?

आज परत तेच. युरिन कल्चरचा, म्हणजे लघवीत कुठला जंतू आहे आणि तो कुठल्या औषधाला दाद देतो याचा रिपोर्ट घेऊन मी लॅबमधून स्वतः वॉर्डात गेले, कारण सिस्टीमवर टाकलेला कोणी उघडतच नाही. जंतू साधा, ई. कोलाय. कोट्रायमॉक्साझोल, अमिकॅसिन, अशा पाच-सहा जुन्या औषधांपुढे 'सेन्सिटिव्ह', म्हणजे त्यांनी मरणारा. आणि बाईंना चालू काय? मेरोपेनेम, जपून वापरायचं जबर अँटिबायोटिक, १ ग्रॅम, दर आठ तासांनी, आज चौथा दिवस. ताप कधीच उतरलाय, बाई उठून बसून चहात बिस्किट बुडवून खात होत्या. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला, आरएमओला म्हटलं, बदला आता. तर म्हणे, "मॅडम, सरांनी चालू ठेवायला सांगितलंय. पेशंट बरा होतोय ना, कशाला हात लावायचा?"

अहो, बरा होतोय म्हणूनच हात लावायचा! नाहीतर कल्चर पाठवता कशाला? फाइल जाड करायला?

रात्री दोनला आलेला सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गानं जिवावर बेतलेला पेशंट, बीपी लागत नाही, त्याला पहिल्या तासात मेरो दिलं तर मी एक शब्द बोलणार नाही. द्यायलाच हवं. माझं भांडण तिसऱ्या दिवशीच्या राऊंडशी आहे. रिपोर्ट हातात असताना तेच औषध पुढच्या पानावर जसंच्या तसं उतरवलं जातं, त्याच्याशी आहे. आणि दोन डोस गेल्यावर ब्लड कल्चर घेणाऱ्यांशी! बाटलीवर वेळ लिहिलेली असते, मला दिसते ती. मग औषधामुळे बाटलीत जंतूंची वाढ होत नाही, आणि 'कल्चर निगेटिव्ह, मेरो लागू पडतंय' म्हणून आणखी सात दिवस. डिस्चार्जला वर त्याच जातीच्या फॅरोपेनेमच्या गोळ्या.

अशा उधळपट्टीतून मेरोला न जुमानणारे जंतू फोफावतात. अशाच जंतूंतला एक एन्झाइम म्हणजे एनडीएम-१. त्याच्या नावात नवी दिल्ली आली म्हणून २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला! नावावरून भांडलो. तो एन्झाइम मेरोपेनेम फोडून टाकतो, त्याचं काय? ते गेलं की हातात उरतं कोलिस्टिन. किडनीला सोसत नाही म्हणून एके काळी बाजूला ठेवलेलं औषध. कोंबड्या-जनावरांना ते देऊ नये म्हणून २०१९ मध्ये सरकारनं बंदी घातली, आणि माणसांच्या आयसीयूत मात्र मेरो असं उधळायचं की कोलिस्टिनवाचून गत्यंतर राहू नये? जानेवारी २०२४ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयानं डॉक्टरांना पत्र पाठवलं, अँटिबायोटिक लिहिताना कारण लिहा म्हणून. आमच्या केस पेपरवर त्या रकान्यात काय असतं? 'ताप'. नाहीतर कोराच.

याच इमारतीत दोन मजले वर, आयसीयूत बेड तीनच्या पेशंटला क्लेब्सिएला नावाच्या जंतूचा संसर्ग आहे. त्या रिपोर्टवर मी वरपासून खालपर्यंत 'रेझिस्टंट' टाइप केलं. मेरोपेनेमपुढेही. कोलिस्टिन सुरू झालं, सहाव्या दिवशी क्रिएटिनिन ३.४, म्हणजे किडनीला फटका बसलाच. त्यांचा मुलगा लॅबच्या दाराशी आला होता, चप्पल बाहेर काढून. "मॅडम, पैशाचं बघू नका, दुसरं कुठलंही औषध असेल तर सांगा, मी मुंबईहून आणतो."

मी त्याला काय सांगायचं? की इथे निकामी ठरलेलं मेरो खाली वॉर्डात सलाईनमधून जातंय, ज्यांना त्याची गरज नाही त्यांना, आणि ते थांबवा म्हणून मी चार दिवस फोन करतेय?