प्लेस्टेशनचं श्रेय सूडाला नको, सीडीला द्या

प्लेस्टेशनचा विषय निघाला की १९९१ची गोष्ट हमखास सांगितली जाते. शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने निन्टेंडो या जपानी गेम कंपनीबरोबर सीडीवर चालणारा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी करार केल्याचं सांगून टाकलं. मग चिडलेल्या सोनीने स्वतःचाच कन्सोल काढला. गोष्ट रंगतदार आहे, खरीही आहे. पण रागाच्या भरात कन्सोल निघतो, दहा कोटींच्या वर खपत नाही!

खरी ताकद सीडीत होती, हे माझं ठाम मत आहे. तोवर निन्टेंडोचे गेम कार्ट्रिजवर, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या प्लास्टिकच्या डबीत यायचे. कार्ट्रिजच्या आत चिप असायची, त्यामुळे ती महाग पडायची आणि तयार व्हायला वेळ लागायचा. गेम किती खपेल याचा आधीच अंदाज बांधून ऑर्डर द्यावी लागे. अंदाज फसला की माल अंगावर पडायचा. सीडीचं तसं नव्हतं. थोड्या छापा, खपल्या की झटपट आणखी छापा. ही तर सरळसरळ कॅसेट-रेकॉर्डच्या धंद्याची रीत! आणि १९९३मध्ये स्थापन झालेल्या सोनी कॉम्प्युटर एंटरटेनमेंटमध्ये जपानची सोनी म्युझिक भागीदार होती, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. प्लेस्टेशन घडवणारे इंजिनिअर केन कुतारागी यांच्या पाठीशी उभे राहिलेले सोनीचे तेव्हाचे अध्यक्ष नोरिओ ओगा हे स्वतः शास्त्रशुद्ध शिकलेले गायक, आणि सीडी घडवण्यात त्यांचा मोठा वाटा.

छपाई स्वस्त झाल्यावर विचित्र कल्पनांनाही वाव मिळाला. 'पारप्पा द रॅपर'मध्ये कागदासारखा चपटा कुत्रा तालावर रॅप करतो. असल्या गेमवर महागड्या कार्ट्रिजचा जुगार कोण खेळलं असतं? आणि निन्टेंडोची जुनी साथीदार, गेम बनवणारी स्क्वेअर कंपनी तीन सीडींचा 'फायनल फँटसी ७' घेऊन १९९७मध्ये प्लेस्टेशनकडे आली, तो घाव फार मोठा होता.

अमेरिकेत सेगा सॅटर्न हा प्रतिस्पर्धी कन्सोल ३९९ डॉलरला असताना प्लेस्टेशन २९९ला आला, त्याचाही फायदा झालाच. सीडीचा तोटाही होता, लोडिंगची वाट बघत बसावं लागायचं. निन्टेंडोचा कार्ट्रिजवाला कन्सोल निन्टेंडो ६४ त्या बाबतीत कितीतरी चपळ, आणि त्यावरच्या 'सुपर मारिओ ६४' या गेमला तर मी आजही मनापासून दाद देतो. तरी तो कन्सोल सुमारे ३.३ कोटींवर थांबला.

२००१मध्ये निन्टेंडोचा पुढचा कन्सोल गेमक्यूब आला, तो कार्ट्रिज सोडून छोट्या डिस्क घेऊनच.